ओलं बोट, कोरडी बोट

गमरेसाहेब रोज दिवेलागणीच्या आधी गॅलरीत येत, उजव्या हाताचं बोट तोंडात घालून ओलं करत आणि हवेत उभं धरत. बोटाची जी बाजू आधी गार पडते तिकडून वारा येतोय, असं त्यांचं शास्त्र. आमच्या भाईंदरमधल्या गोडदेवच्या इमारतीत वारा एकाच दिशेने यायचा, समोरच्या विंगेतल्या स्वयंपाकघरांच्या एक्झॉस्टमधून, आणि त्याला बहुतेक वेळा फोडणीचा वास असायचा. तरी साहेब डोळे बारीक करून म्हणत, "नैऋत्य. आज शिडाला बरा होता." त्यावर वहिनी आतून म्हणत, "यांचं बोट रोज ओलं, बोट मात्र अजून कोरडीच." हा विनोद वहिनींना कधी जुना झाला नाही आणि साहेबांना कधी नवा वाटला नाही. ते नुसतं बोट लेंग्याला पुसत.

अनंत गमरे एका विमा कंपनीत क्लेम बघायचे, तेही सागरी विभागात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बुडालेल्या, आपटलेल्या, जळालेल्या आणि मालकांनीच रात्रीत भोकं पाडलेल्या बोटींचे कागद तपासले. लहानपणी वडिलांबरोबर कोकणातून लाँचने मुंबईला आले होते, ते सोडलं तर स्वतः कधी बोटीत पाऊल टाकलेलं नव्हतं. "आयुष्यभर बुडलेल्या बोटी बघितल्या," ते म्हणायचे, "आता एक तरंगती बघायचीय." जगातल्या सगळ्या गोष्टी ते दोनच खान्यांत टाकत: क्लेम बसतो किंवा क्लेम बसत नाही. केबिन रोडवरच्या भाजीवाल्याच्या भावाचा क्लेम बसत नसे. सुट्टीत आलेल्या सुनेच्या हातच्या सुक्या बोंबलांचा बसे. माझ्याबद्दल त्यांनी पहिल्या भेटीतच वहिनींना सांगितलं होतं की हा माणूस कमी बोलतो, म्हणजे खरं बोलत असणार, क्लेम बसतो. एवढा अनुभवी माणूस, पण कागद नीट तपासले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की कुटुंबासाठी बोट घ्यायची. मासेमारीला नाही, भाड्याने द्यायला नाही, सहकुटुंब फिरायला. भाईंदरच्या खाडीतून निघायचं, उत्तनला वळसा घालून दक्षिणेकडे लागायचं, संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकायचा, तिथेच जेवायचं, झोपायचं, आणि असं मुक्काम करत करत दाभोळच्या खाडीतून आपल्या गावी उतरायचं. ज्या गावातून वडील डोक्यावर बोचकं घेऊन निघाले त्या गावात ते स्वतःच्या बोटीतून, बायको, मुलगा, सून आणि नातीसह उतरणार होते. धक्क्यावर गावकीतली माणसं बघायला हजर हवीत, हे ते बोलत नसत. ते वहिनी बोलत. बातमी इमारतभर झाली तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, "गमरेजी, बोट का पार्किंग नहीं मिलेगा, पहले बोल के रखता हूँ." साहेबांनी गंभीरपणे उत्तर दिलं की पार्किंग पानी में रहेगा.

प्रश्न एवढाच उरला होता की बोट शिडाची घ्यायची की मशीनची.

मी वरच्या मजल्यावर राहायचो. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात माल रवाना करायचं काम. माझी बायको माहेरी गेली होती, आणि परत येण्याचा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो. संध्याकाळी घरी गेल्यावर बोलायला फ्रिज होता, तोही अधूनमधून गप्प व्हायचा. म्हणून साहेबांनी एकदा चहाला बोलावलं तेव्हा मी गेलो, आणि मग जातच राहिलो. पहिल्याच आठवड्यात वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं.

"भाऊजी, एक काम करा. हे शीड म्हणाले की तुम्ही मशीन म्हणा. मशीन म्हणाले की शीड म्हणा. यांना मेट्रोचं दार कुठल्या बाजूला उघडणार ते कळत नाही, आणि हे समुद्रात डावं-उजवं करणार. आयुष्याची पुंजी बुडेल ती बुडेल, वर माणूस बुडेल. नुसतं बोलू दे त्यांना. बोलून कोणी बुडत नाही."

मला बोटीतलं काहीही कळत नव्हतं. पण काम सोपं होतं, आणि चहा चांगला होता.

साहेब शिडाकडे झुकले की मी विचारायचो, वारा पडला तर? मुलाची रजा वाऱ्याला विचारून मंजूर होणार का? नात कंटाळली तर मधेच कुठे उतरवणार? शिडाची बोट एका अंगावर कलते, डाळ ताटातून मांडीवर येईल. शिवाय तिचा तळ खोल, आपल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचलेली, बसेल रुतून. साहेब दोन दिवस विचार करून मशीनवर येत. मग मी म्हणायचो, साहेब, इंजिन भर समुद्रात बंद पडलं तर ढकलायला कोण उतरणार? आणि शीड बोटीला धरून ठेवतं. नुसत्या मशीनची बोट आडव्या लाटेत पाळण्यासारखी डोलते, लहान पोर ओकून ओकून अर्धं होईल. वर डिझेलचा वास. वहिनींना सोसणार आहे का? "नाही हो, हिला नाही सोसणार," साहेब म्हणायचे. वहिनी तिथेच बसून आमच्या कपांत चहा ओतत असायच्या.

हळूहळू मी वाचायला लागलो. मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघायला लागलो. गोरी नवरा-बायको, दोन पोरं, एक कुत्रा आणि निळं पाणी. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, वहिनींनी दिलेला डबा खाता खाता, मी शीड कसं आखूड करतात ते बघायचो आणि शेजारचा पॅकर मला विचारायचा की सेठने काय आता जहाज घेतलं का. खरं सांगायचं तर त्या वर्षांत माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मन लावून केलेलं काम तेच होतं. साहेबांना मात्र वाटायचं, हा आपल्याला मदत करतोय. "तुम्ही दोन्ही बाजू बघता," ते म्हणायचे. "आमच्याकडे असा सर्व्हेअर हवा होता."

रविवारी आम्ही बसने उत्तनजवळच्या चौक या कोळीगावात जायचो. तिथे पास्कू नाखवाची एक छोटी होडी वाळूवर उपडी पडलेली होती. तो ती द्यायला तयार होता आणि साहेबांना ती पसंत होती. लांबी पुरेशी, वर एक कप्पा काढता येईल, वहिनींसाठी मागे आडोसा करता येईल. फक्त तिला मशीन बसवायची की डोलकाठी, हे सांगायचं होतं. साहेब होडीभोवती फिरून लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करत, आणि पास्कू जाळं विणता विणता आमची गंमत बघत बसे.

"सायेब, आता शीड कोन लावतंय? म्हातारे गेले, शिडं पन गेली. पन तुमाला हौस हाय तर लावू. न्हायतर दोनी लावा. वारा हाय तवर शीड, न्हाय तवा मशीन. हाय काय त्यात?"

साहेबांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात न आलेली गोष्ट त्या माणसाने जाळ्यातून मान वर न करता सांगितली होती. जगभर लोक असंच करतात, हे मला व्हिडिओंमुळे माहीत होतं. परतीच्या बसमध्ये मी साहेबांना विचारलं की ज्या बोटीत दोन गोष्टी असतात तिच्यात बिघडायच्याही दोन गोष्टी असतात ना? तुमच्या अनुभवात काय? केशवसृष्टीच्या पुढे आल्यावर साहेब म्हणाले, "क्लेम बसत नाही." तो पर्याय असा मी मारला.

इथपर्यंतचं मी वहिनींच्या नावावर टाकू शकतो. पुढचं नाही.

वसईला गाड्या आणि माणसं नेणारी रो-रो बोट सुरू झाली होती. वहिनी भिशीच्या बायकांबरोबर एकदा सहज जाऊन आल्या. साहेब त्या बोटीला बोट मानायलाच तयार नव्हते, तो तरंगता रस्ता आहे म्हणायचे. दोन-तीन दिवसांनी वहिनी मला केबिन रोडवर भेटल्या, हातात भाजीची पिशवी, तिच्यात मेथीची जुडी. रिक्षांच्या गर्दीत एका बाजूला उभं राहून म्हणाल्या की भिशीच्या सगळ्याजणी आत सावलीत बसल्या आणि त्या एकट्या जाता-येता कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पाणी खालून सरकत जातं ते बघत राहावंसं वाटलं. उतरावंसंच वाटेना.

"आता पुरे करा भाऊजी. घेऊ दे त्यांना. मी सांगितलं तर म्हणतील हिने परवानगी दिली. स्वतः ठरवलं असं वाटू दे की एकदा. तुम्ही फक्त आडवे जाऊ नका."

मी बरं म्हणालो. पिशवी धरायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, राहू द्या, हलकी आहे.

त्याच संध्याकाळी साहेबांनी बोट ओलं केलं, वर धरलं आणि म्हणाले, "ठरलं. शीड. या रविवारी पास्कूला सांगून टाकतो." वहिनींनी आतून माझ्याकडे बघितलं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं हा तर माझा स्वभाव. मी विचारलं, "साहेब, ती डोलकाठी मोडल्याची केस तुम्ही सांगितली होती, ती कुठली हो?"

का विचारलं? मला त्या क्षणी काय दिसलं ते मी अनेकदा आठवून पाहिलंय. बोट पाण्यात आहे, तिच्यात साहेब, वहिनी, मुलगा, सून, नात आहेत, आणि मी जेट्टीवर हात हलवतोय. मग मी घरी येतो आणि फ्रिज चालू आहे. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मला सापडलेलं नाही.

साहेब त्या केसमध्ये शिरले ते पुढच्या रविवारपर्यंत बाहेर आले नाहीत. वहिनींना वाटलं, चुकून बोललो असेन. नंतर एकदा त्यांनी मला जिन्यात विचारलंही, अजून ठरत कसं नाही? मी म्हणालो, साहेब हट्टी आहेत, मी काय करू? त्या म्हणाल्या, ते तर आहेतच, आणि हसल्या. पास्कूने पावसाळ्याच्या आधी होडी दुसऱ्या कोणाला देऊन टाकली. साहेबांना त्याने सांगितलं की तुमी पैला ठरवा, मंग होडीचं बगू. साहेब म्हणाले, बरोबर आहे त्याचं.

त्याच पावसाळ्यात वहिनी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत त्या मला डब्याची काळजी करू नका म्हणत होत्या.

वहिनींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये बरीच माणसं जमली होती. गावाकडचे लोक आले होते, एसटीने. सगळ्यांचं बोलून झाल्यावर साहेब उठले. वहिनींबद्दल थोडंच बोलले. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे आमचे शेजारी. माझ्या डोक्यात एक खूळ होतं. मी घाई केली असती, नको ती वस्तू घरात आणली असती. या माणसाने मला घाई करू दिली नाही. घरातलं माणूससुद्धा इतका विचार करत नाही." लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हात जोडले. मीही जोडले. दुसरं काय करणार?

त्यानंतर गॅलरीत बोट वर आलं नाही. मी संध्याकाळी जायचो, चहा आता मी करायचो, आणि साहेब टीव्हीवरच्या बातम्यांचे क्लेम बसवत बसायचे. शीड-मशीनचा वाद मी दोनदा उकरून पाहिला. ते म्हणाले, जाऊ द्या हो.

मुलगा नागपूरला असतो. शेवटी तो त्यांना न्यायला आला. राज्यात समुद्रापासून याहून लांब फारशी जागा नसेल. टेम्पो खाली उभा होता आणि मुलगा दुधाचं-केबलचं मिटवायला गेला होता. साहेब रिकाम्या हॉलमध्ये एका खोक्यावर बसले होते, दुसऱ्यावर मी. मी तेव्हा सांगितलं. सगळं सांगितलं. वहिनींनी आधी काय सांगितलं, मग केबिन रोडवर काय सांगितलं, आणि त्या संध्याकाळी मी काय केलं. मधे त्यांनी मला अडवलं नाही. क्लेम ऐकताना ते असेच बसत असतील, मान किंचित कलती, डोळे समोरच्याच्या हातांवर.

माझं सांगून संपलं. मला वाटलं, आता मला जायला सांगतील. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"ती कठड्याला धरून उभी होती?" त्यांनी विचारलं.

"हो. जाता-येता."

"मला म्हणाली, फार ऊन होतं." मग अगदी हळू म्हणाले, "कुठली घ्या म्हणाली? शीड की मशीन?"

मी आठवून पाहिलं. मेथीची जुडी आठवली, रिक्षांचे हॉर्न आठवले.

"ते मी विचारलं नाही, साहेब."

त्यांनी मान हलवली. खालून टेम्पोवाला हाक मारत होता. ते खोक्यावरून उठले, दारापाशी गेले आणि चप्पल शोधता शोधता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पण नाही विचारलं."