करंगळीएवढी जागा

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याच्या मनगटाचा अंदाज मापकाकांना आलेला असे. उभं आयुष्य घड्याळाच्या दुकानात गेलेलं. त्यांचं खरं नाव आता कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. एखादा काडीपहिलवान ताटलीएवढी तबकडी मागू लागला की ते सरळ सांगत, "साहेब, घड्याळ तुम्ही घालायचंय, घड्याळानं तुम्हाला नाही." पट्ट्याखाली करंगळी जाईल एवढी जागा हवी, हा त्यांचा नियम. कमी असली तर वळ उठतो, जास्त असली तर घड्याळ हातभर भटकतं. माप ते कागदाच्या पट्टीवर घेत आणि ती पट्टी नाव घालून खणात ठेवत.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांच्याच पट्ट्याखाली दोन बोटं गेली. आधी वाटलं, उकाडा असेल. पण उकाड्यात मनगट फुगतं, बारीक होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुपारी दुकान रिकामं होताच त्यांनी आपल्या घड्याळाच्या पट्ट्याची एक कडी काढली आणि डबीत टाकली. पट्टा पुन्हा करंगळीला बरोबर बसला. जीव भांड्यात पडला, तो तीन आठवड्यांपुरता.

दुसऱ्या कडीच्या वेळी त्यांना शाळेतले मास्तर आठवले. मास्तर तीनदा कड्या कमी करून घेऊन गेले होते. दरवेळी मापकाका हसून म्हणाले होते, "तब्येत छान उतरवलीत." चौथ्यांदा ते घड्याळ घेऊन मास्तरांचा मुलगा आला. म्हणाला, "काढलेल्या कड्या असतील तर परत घाला. आता मीच वापरणार आहे." ते आठवलं आणि मापकाकांच्या हातातली पिन फरशीवर पडली, ती पुष्कळ वेळ सापडली नाही.

डॉक्टरांचा दवाखाना समोरच, रस्ता ओलांडला की झालं. पण तेवढा रस्ता त्यांना ओलांडवेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत ते लांब बाह्यांचे शर्ट घालू लागले. मुलगी त्यांच्याबरोबर दुकानात बसायची. "बाबा, इतक्या उकाड्यात?" तिनं विचारलं, तर म्हणाले, "पंख्याचं वारं लागतं." डबीत चार कड्या झाल्या.

त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी मुलीनं गल्ल्यावर एक खोकं ठेवलं. आत नवं घड्याळ होतं. बेताची तबकडी, पोलादी पट्टा, अगदी त्यांच्या पसंतीचं. "माप विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं," ती म्हणाली. "खणातल्या तुमच्या जुन्या पट्टीवरून बसवलंय. करंगळीएवढी जागा ठेवून."

तिनं त्यांची बाही सारली, जुनं घड्याळ उतरवून नवं चढवलं, कळ लावली. घड्याळ घसरत पार कोपराकडे गेलं. तिनं खणातली पट्टी काढून पुन्हा मनगटाला गुंडाळली. कागद बोटभर उरला.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"चार कड्या झाल्या," मापकाका म्हणाले. "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटतेय." ती म्हणाली. त्यांनी सवयीनं पिना काढायचा चिमटा तिच्यापुढे सरकवला. तिनं तो खणात टाकला. "एकही कडी काढणार नाही. घड्याळ नीट बसलं की तुम्ही डॉक्टरांना विसरता. चला, आत्ताच."

रस्ता ओलांडताना घड्याळ पडू नये म्हणून त्यांनी ते दुसऱ्या हातानं धरून ठेवलं होतं. दवाखान्यात नर्सबाईंनी रक्त घ्यायला हात पुढे करायला सांगितला. "घड्याळ काढा, काका."

त्यांनी हात खाली सोडला. कळ न उघडताच घड्याळ निघालं आणि मुलीनं ते ओंजळीत झेललं.