सात वाजून दहा मिनिटांची टिंग

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. ठिकाण बोरगाव मेघे, आमच्या घराला भिंत लागून असलेलं मधुभाऊंचं घर. हजर माणसं तीन : मधुभाऊ, माझी बायको आणि मी. टेबलावर आमचा बंद पडलेला मायक्रोवेव्ह. मजुरी ठरली साडेतीनशे रुपये आणि शंभर आकडे.

"आकडे म्हणजे?" मी विचारलं.

"मोजा ना साहेब. तुमचा तं जलमच कचेरीत आकडे लिहिण्यात गेला. एकापासून शंभरापर्यंत, मोठ्यानं. मंग उघडतो."

आम्ही मोजायला लागलो. साठच्या आसपास बायकोला हसू फुटलं, तर त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला लावलं. शंभर झाल्यावर त्यांनी डावा हात पाठीमागे नेऊन लुंगीच्या गाठीत खोचला, मुठीला रबर गुंडाळलेला लांब पेचकस उजव्या हातात घेतला आणि यंत्राच्या पोटात टेकवला. चट्ट आवाज होऊन निळी ठिणगी उडाली. यंत्राची वायर आदल्या संध्याकाळीच काढलेली होती.

"पाह्यलं? बंद असणं येगळं, मेलं असणं येगळं."

मग खडू घेऊन त्यांनी यंत्राच्या पाठीवर लिहिलं, 'मेलं', आणि खाली तारीख. त्यानंतरच दुरुस्तीला हात लावला. आतला एक नखाएवढा भाग दाखवून म्हणाले, "वायर काढली तरी आत करंट साचून राह्यते. हे बारकं थे हळूहळू पिऊन टाकते. पण याच्या भरवशावर राहाचं नाई."

"आणि डावा हात मागे काऊन?" बायकोने मुद्दाम त्यांच्याच बोलीत विचारलं.

"दोन्ही हात घातले का करंट छातीतून जाते, वहिनी. एक हात घरी ठेवाचा."

मधुभाऊ पुलगावात वायरमन होते. काम सुटल्यावर इथे आले आणि लोकांनी टाकून दिलेले मायक्रोवेव्ह गोळा करू लागले. जे चालण्यासारखे असत ते चालू करत; बाकीच्यांचं पोट रिकामं करून खोकी भिंतीला ठोकत. एकात तूरडाळ, एकात औषधं, एकात विजेची बिलं. फाटकावरच्या खोक्यात पोस्टमन पत्रं टाकायचा. "उंदीर शिरत नाई, पाणी शिरत नाई. अजून काय पाह्यजे माणसाले?" असं त्यांचं म्हणणं. मी मोजली होती, भिंतीवर बावीस दारं होती. प्रत्येक दाराला काळी जाळीदार काच. त्या खोलीत उभं राहिलं की आपलाच चेहरा बावीस ठिकाणी अंधुक दिसे, आणि सगळे चेहरे काचेच्या जरा आतून पाहत आहेत असं वाटे.

तेविसावा चालू होता आणि तो आतल्या खोलीत असे. रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भिंतीपलीकडून टिंग ऐकू यायची. मी घड्याळ त्यावर लावत असे.

"चहा गरम करता का हो रोज?" मी एकदा विचारलं.

"चहा नाई. पाणी."

"कशाला?"

"तिले थंडं पडू द्याचं नाई," ते म्हणाले आणि पेचकस पुसत बसले.

ती म्हणजे कोण, हे मला त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत कळलं. आम्हाला घरातली जळमटं काढताना पाहून ते दारातच थांबले आणि आपणहून बोलले. अकरा वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एक यंत्र उघडं टाकून ते फ्यूज आणायला बाजारात गेले होते. मागे त्यांच्या बायकोने, कुसुमकाकूंनी, ओलं फडकं घेऊन आतली धूळ पुसली आणि त्या जागीच गेल्या.

"वायर काढली होती साहेब. मले वाटलं, वायर काढली म्हंजे झालं." एवढं बोलून ते घरी गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या ऑगस्टात, एका मंगळवारी पहाटे, मधुभाऊ झोपेतच गेले. अमरावतीहून त्यांची मुलगी मंदा आली. बुधवारी संध्याकाळी मी आणि बायको आमच्या घरी चहा घेत होतो. सात दहाला टिंग झाली. बायकोने कप खाली ठेवला. गुरुवारी पुन्हा झाली. शुक्रवारी मी सातलाच तिकडे गेलो.

आतल्या खोलीत मंदा एका मायक्रोवेव्हसमोर बसली होती. आत पिवळ्या उजेडात पाण्याचा कप फिरत होता. यंत्राच्या पाठीवर खडूचा शब्द नव्हता.

"बाबांनी सांगून ठेवलं होतं, काका. म्हणाले, माह्या मागून तू लावजो, एक बी दिवस खंड नाई पडला पाह्यजे."

"हे तेच यंत्र?"

तिने मान हलवली. "सोबत न्यावं म्हणते. पण घरात माझी परी आहे, दोन वर्षांची. दिसेल तिथे हात घालते. आणि इथे ठेवून बंद केलं तर वाटतं, मीच..." टिंग झाली.

शेवटी ते मारायचं ठरलं, आणि शनिवारी दुपारी मंदाने आणि मी वायर काढून यंत्राचं झाकण उघडलं. करंट पिऊन टाकणारा तो नखाएवढा भाग कापलेला होता. तारेची दोन्ही टोकं नीट वळवून त्यांवर टेप लावली होती. म्हणजे आज एक मिनिट चालवून आत भरलेला करंट उद्यापर्यंत उतरू नये, अशी सोय. जन्मभर लोकांची यंत्रं आधी मारून मग उघडणाऱ्या माणसाने हे एक स्वतःच्या हाताने जिवंत ठेवलं होतं.

"यात आई आहे असं वाटायचं का त्यांना?" मंदाने विचारलं.

"ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही."

मी पेचकस उचलला, तर तिने तो माझ्या हातातून घेतला. "मी करते. लहानपणापासून पाहिलंय." तिने डावा हात मागे ओढणीच्या गाठीत खोचला. आम्ही मोठ्याने मोजायला लागलो. सत्तरच्या पुढे मला तीन आवाज ऐकू आल्यासारखे वाटले. हजर माणसं दोनच होती, म्हणून मी दोनच लिहितो.

शंभर झाल्यावर तिने पेचकस टेकवला. आमच्या यंत्रासारखा चट्ट आवाज झाला नाही. नवं कापड फाडावं तसा झाला, आणि निळा उजेड तिच्या कपाळापर्यंत गेला. ती हळूच "आई" म्हणाली. दुसऱ्यांदा टेकवलं तेव्हा काहीच झालं नाही.

मग तिने खडू हातात घेतला. 'मेलं' तिला लिहवेना. शेवटी 'गेली' असं लिहून तिने खाली तारीख घातली.

त्या संध्याकाळी सात दहाला मी आणि बायको भिंतीकडे पाहत बसलो. काही वाजलं नाही. सव्वासातला बायको उठली आणि तिने आमच्या मायक्रोवेव्हची वायर काढून ठेवली. ती अजून तशीच आहे.

रविवारी भंगारवाला तेविसावं यंत्र घेऊन गेला. निघताना मंदाने विचारलं, "काका, तुम्हाला काय द्यायचं?" मी म्हटलं, मजुरीचे शंभर आकडे होते, ते दोघांनी मिळून दिले. कोणाला पोचले, ते मला लिहिता येत नाही.