उजवा अण्णा, डावा अण्णा

आमच्या घरात तंत्रज्ञान कळणारा माणूस एकच आहे, आणि तो मी आहे. हे मी स्वतःच ठरवलेलं आहे, पण गेल्या वीस वर्षांत कुणी हरकत घेतलेली नाही. (हरकत घेतली की मी वायफायचा पासवर्ड बदलतो.)

त्यामुळे अण्णांच्या कानात नवी मशिनं बसली आणि डॉक्टर म्हणाले, "ही ब्लूटूथची आहेत, फोनला, लॅपटॉपलाही जोडता येतात," तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात आरसा असता तर मीही माझ्याकडेच पाहिलं असतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर, व्यवसायानं गुरुजी. आम्ही इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली, तरी ते रोज सकाळी रिक्षा करून पंचवटीत जातात. एकेका घरातल्या तीन-तीन पिढ्यांची लग्नं त्यांनी लावली आहेत. गेली आठ वर्षं त्यांना कमी ऐकू येत होतं, आणि ही गोष्ट त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होती. काहीही विचारा, "येतंय, येतंय ऐकू!" म्हणायचे आणि प्रसन्न हसायचे. एकदा देवळालीच्या एका यजमानांनी फोनवर सांगितलं, "गुरुजी, उद्याची पूजा रद्द, आम्ही गावाला निघालोय." अण्णा म्हणाले, "उत्तम, उत्तम!" आणि दुसऱ्या दिवशी पूजेची पिशवी घेऊन त्यांच्या कुलपासमोर तासभर उभे राहिले. मग हळूहळू यजमान परस्पर मलाच फोन करू लागले. अण्णा बोलून दाखवत नसत, पण ते त्यांना फार लागायचं.

अशात सागरचा फोन आला. सागर मूळचा लासलगावचा, आता नोकरीला मेलबर्नमध्ये.

"काका, घर घेतलं इकडं. पूजा गुरुजींनीच सांगायची, ऑनलाइन! आजोबापासून तेच हाय आमच्याकडं. दुसरं कुणी नाय चालणार."

अण्णांनी विचार करायला एक दिवस घेतला. मग मला म्हणाले, "श्रीकांता, यजमानाचं बोलणं मला नीट ऐकू आलं, तर मी काम चालू ठेवीन. नाही आलं, तर ही शेवटची पूजा. पोथ्या कपाटात. अंदाजानं पूजा सांगणं मला पटत नाही."

ते हे सहज म्हणाले. पन्नास वर्षं माणूस ज्या कामासाठी पहाटे उठतो, ते काम आता माझ्या ब्लूटूथवर अवलंबून होतं!

आदल्या दिवशी मी मशिनं लॅपटॉपला जोडायला बसलो. पहिल्या झटक्याला शेजाऱ्यांचा टीव्ही जोडला गेला. दुसऱ्या झटक्याला त्यांनी बेल वाजवली. दोन तासांनी मात्र मशिनं जोडली गेली, आणि घोळ नको म्हणून मी त्यांना नावंही दिली: 'उजवा अण्णा' आणि 'डावा अण्णा'. मग चाचणी. अण्णांना लॅपटॉपसमोर बसवलं, मी बाल्कनीत जाऊन फोनवरून त्यांना व्हिडिओ कॉल केला आणि म्हणालो, "अण्णा, ऐकू येतंय?" अण्णांनी अंगठा वर केला. मी बायकोला म्हणालो, "मेधा, बघ. इंजिनिअर न होता हे केलंय."

"म्हणूनच भीती वाटते," मेधा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा सोवळं नेसून बसले. समोर पाट, पाटावर लॅपटॉप, शेजारी पळी-पंचपात्र. मी तांत्रिक साहाय्यक म्हणून उजव्या हाताला. नऊच्या आत संकल्प व्हायला हवा होता. पडद्यावर सागर आणि त्याची बायको दिसले, नमस्कार केला, सागरनं तोंड उघडलं आणि...

काहीही नाही! ओठ हलताहेत, आवाज शून्य!

"हॅलो! हॅलो!" मी ओरडलो. "सागर, आवाज येत नाहीये!"

"मला येतोय," अण्णा म्हणाले.

आठ वर्षांचा अनुभव माझ्या गाठीशी होता. "अण्णा, तुम्ही एक मिनिट थांबा," मी म्हणालो आणि आवाज शंभरावर नेला. अण्णा बसल्या जागी वीतभर उडाले. पंचपात्रातलं पाणी माझ्या मांडीवर आलं.

"अरे हळू! कान फाटले!"

मला वाटलं, माझ्या ओरडण्याबद्दल बोलताहेत. म्हणून मी आणखी ओरडून समजावलं, "अण्णा, ओरडल्याशिवाय मेलबर्नला कसं पोचणार?"

"अहो," स्वयंपाकघरातून मेधा म्हणाली, "अण्णा म्हणताहेत ना येतंय ऐकू?"

"ते नेहमीच म्हणतात!"

मी राउटर बंद करून चालू केला. (सागर पडद्यावरून गेला, परत आला, तसाच मुका.) लॅपटॉप उचलून हलवला. का हलवला, ते विचारू नका. तोपर्यंत पावणेनऊ झाले. अण्णांनी माझ्याकडे दुर्लक्ष करून पळी हातात घेतली आणि पूजा सुरू केली. "गोत्र सांगा," ते म्हणाले. (यजमान शेकडो, त्यामुळे गोत्र ते पाठ ठेवत नाहीत, दर वेळी विचारून घेतात.) सागरचे ओठ हलले. अण्णा खणखणीत म्हणाले, "कौंडिण्य!"

'काश्यप' म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, ही सोय आपल्याकडे आहेच. पण थेट कौंडिण्य? माणूस अंदाजानं एवढ्या लांब जातो? म्हणजे अण्णा चक्क गोत्र ठोकून देत होते! पोथ्या कपाटात जाताना मला दिसू लागल्या.

मी निर्णय घेऊन टाकला, भिंतीवरच्या कालनिर्णयचं मागचं पान फाडलं, मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गोत्र कोणतं?' आणि अण्णांच्या डोक्यावरून कॅमेऱ्यासमोर धरलं.

सागरच्या हातात संकल्पाचं पाणी होतं, त्याला हलता येईना. त्याची बायको शालू सावरत उठली, आत गेली, आणि खोक्याचा एक पुठ्ठा घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं: 'कौंडिण्य. गुरुजींना सांगितलंय. काका, आम्हाला तुमचं सगळं ऐकू येतंय. हळू बोललात तरी चालेल.'

मेधा पदराला हात पुसत आली. तिनं लॅपटॉपच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे माझ्याच हातानं दिलेली दोन नावं हिरवीगार झळकत होती: उजवा अण्णा, डावा अण्णा.

"आवाज सगळा तिकडे चाललाय," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला कसा येईल?"

म्हणजे त्या खोलीत एकाच माणसाला ऐकू येत नव्हतं!

मी आवाज गुपचूप पन्नासवर आणला आणि मांडी घालून बसलो. पुढचा दीड तास मी अण्णांना नुसतं पाहत होतो. सागरनं काही विचारलं की मान न वाकवता, कानाशी हात न नेता ते उत्तर देत होते. मध्येच म्हणाले, "अहो सूनबाई, बांगड्या फार वाजताहेत, जरा मागे सारा, मंत्र ऐकू येऊ देत यांना." बांगड्या! मेलबर्नमधल्या बांगड्या! पूर्वी त्यांना आमच्या दाराची बेल ऐकू येत नसे. माझे डोळे भरून आले. या माणसाचा मुलगा असल्याचा मला इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता, आणि थोडा मशिनं जोडणाऱ्याचाही वाटला, खोटं कशाला बोलू?

आरती झाल्यावर अण्णांनी पोथी बांधली. कपाटात नाही, रोजच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "उद्याची रिक्षा सांगून ठेव."

माझा उत्साह असा काही वाढला, की दुपारी मी माझा फोनसुद्धा त्यांच्या मशिनांना जोडून टाकला. संध्याकाळी तो वाजला. मी उचलला, "हॅलो" म्हणालो. शांतता.

शेजारच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "श्रीकांता, सागर आहे! पूजा फार छान झाली म्हणतोय. आणि विचारतोय, काकांच्या कानांचं काही करता येणार नाही का?"

"माझे कान उत्तम आहेत!" मी फोनमध्ये ओरडलो.

पलीकडून काय उत्तर आलं, देव जाणे. अण्णा मात्र खो-खो हसले. "तो म्हणतो, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. खरंय बाबा. मीही आठ वर्षं तेच म्हणत होतो."

येत्या गुरुवारी माझी कानाची तपासणी आहे. अण्णा सोबत येणार आहेत, डॉक्टर काय म्हणतात ते मला सांगायला.