खळ्यावरचे टेनिस

नगर सोडून मोटार निजामाच्या हद्दीत शिरली आणि करोडगिरीच्या नाक्यावर (जकातीच्या चौकीवर) माझी ट्रंक खाली उतरवली गेली. नाकेदाराने तत्त्वज्ञानाची दोन इंग्रजी पुस्तके उलटी धरून चाळली, मग टेनिसच्या चेंडूंचा डबा उघडला. "इत्ते बडे आदमी, और गेंद?" मी चिडून डब्याचे झाकण लावले.

चेंडू होते दिगू देशमुखासाठी. पुण्याच्या कॉलेजात आम्ही चार वर्षे एका खोलीत काढली. संध्याकाळी टेनिस, जेवणानंतर ग्रीस. अथेन्सच्या त्या म्हाताऱ्या तत्त्ववेत्त्याने तुरुंगातून पळायची सोय असूनही विषाचा पेला का घेतला, यावर आमची कडाक्याची भांडणे. ज्या नगराचे कायदे जन्मभर मानले ते मरताना कसे मोडायचे, अशी म्हाताऱ्याची बाजू मी घेई. "मूर्ख होता लेकाचा," दिगू म्हणे. "मित्र दार उघडून उभा आहे आणि हा निष्ठेच्या गप्पा मारतोय."

आता कॉलेजात तत्त्वज्ञानाची जागा रिकामी झाली होती आणि प्राचार्यांना दिगूच हवा होता. त्याचा होकार आणायला मी निघालो होतो. वडील वारल्यावर तो सिरसाळ्याजवळच्या आपल्या गावी गेला, तो गेलाच. त्याला सात वर्षे झाली होती.

बीडपासून दोन दिवस बैलगाडी. काळी जमीन, दोन्ही अंगांनी कणसात आलेली ज्वारी, आणि माझ्या कंबरेचा पार भुगा. "रस्ता लई चांगला हाय की," गाडीवान म्हणाला. "पावसाळ्यात या मंग कळंल."

दिगूच्या घरी भिंतीवर निजाम सरकारची तसबीर होती. शेजारी, मासिकातून कापलेले ग्रीक देवळाचे चित्र. "एक आल्यागेल्यासाठी, एक माझ्यासाठी," तो म्हणाला आणि मला थेट खळ्यावर घेऊन गेला.

रास यायला अजून महिना होता. सारवलेल्या खळ्यात मधल्या मेढीला (ज्या खांबाभोवती बैल फिरतात) मेंढ्या कोंडायची वाघूर, म्हणजे जाळे, ताणून बांधली होती. हे त्याचे टेनिस कोर्ट. मी पाऊल टाकणार तोच मागून आवाज आला, "पावनं, पायताण भायेर." हा सोपान, मेंढ्या राखणारा. वाघूर त्याचीच. खळ्यावर लक्ष्मी येते, तिथे जोडे चालत नाहीत. मग काय, जोडे कडेला काढून अनवाणी खेळलो. मेढीला लागून चेंडू भलतीकडे उडे आणि दिगू पूर्वीसारखाच खदाखदा हसे.

खेळ थांबला. हुरडा खाता खाता मी विषय काढला.

"मी गेलो की इथली माझी शाळा बंद," दिगू म्हणाला. "निजाम सरकारात खासगी शाळेला परवानगी लागते, ती माझ्या नावावर आहे. सोळा पोरं मराठी शिकतात."

"म्हणून इथे कुजणार आहेस? दार उघडलंय, लेका."

बोललो आणि जीभ चावली.

"तेव्हा तू काय म्हणायचास?" त्याने शांतपणे विचारले.

"ते अथेन्स होतं. हे..." पुढचे मी गिळले, कारण सोपान शेजारीच बसला होता.

"त्यो ईख (विष) पिणारा म्हातारा ना?" सोपान दिगूकडे बोट दाखवत म्हणाला. "ह्या अण्णांनी सांगितलंय आमाला. त्यो पळून गेलता म्हना, मंग एवढ्या लांबवर त्याची गोष्ट कोन आनली असती?"

सोपान उठला, मेंढरं कोंडायची वेळ झाली म्हणाला, वाघूर सोडून खांद्यावर टाकली आणि गेला.

तिसऱ्या दिवशी दिगूने नकाराची चिठ्ठी दिली. चेंडू मात्र ठेवून घेतले. परतताना नाकेदाराने पुन्हा डबा उघडला, रिकामा पाहून माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ट्रंक मुकाट्याने बंद केली.

ती जागा मग मला मिळाली. म्हाताऱ्याचा पाठ मी दर वर्षी शिकवतो आणि दर वर्षी एखादा विद्यार्थी म्हणतोच की तो मूर्ख होता. पूर्वी मी तावातावाने भांडलो असतो. आता मला खळ्याच्या कडेला काढलेले माझे जोडे दिसतात आणि 'दार उघडलंय, लेका' हे माझेच शब्द ऐकू येतात. घसा बसलाय असे सांगून मी तास लवकर सोडतो.