आईच्या काढ्यातलं टॅनिन

मंडळी, आज एका विद्यार्थिनीने विचारलं, "बाई, तुमच्या वेळी काढ्यातले अँटिऑक्सिडंट कसे मोजायचे?" सांगतानाच थकवा आला.

शहाऐंशी साल असेल. अँटिऑक्सिडंट हा शब्द आमच्या कानावरही नव्हता. रत्नागिरीच्या कॉलेजात पदवीच्या प्रकल्पासाठी मी जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडून गवती चहाच्या काढ्यातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तुरट द्रव्य, मोजायचे. काढा आई आमच्या गावाहून, पालीहून, पहिल्या एसटीने थर्मासमध्ये पाठवायची. आकडे रोज वेगळे! शेवटी घरी गेल्यावर मी वैतागले, "आई, रोज सारखाच उकळ ना!"

"चूल काय रोज सारखी पेटते गो?"

मग ती पहाटे घड्याळ घेऊन चुलीपाशी बसू लागली. आकडे जुळले.

पदवी मिळाल्याचं सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे आता काढा नको ना? दमले गो मी."

मी तेव्हा हसले होते. तुम्हीही कुणाला असं नकळत दमवलंय का?