बोहाड्याला गेलेला माणूस आणि आपोआप गेलेलं पत्र

मी वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवर वाढले. सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत फडताळातल्या डब्यांखाली पत्रकं अंथरलेली असत, माझ्या वह्यांना कव्हरंही त्यांचीच. "कामगार बंधूंनो" हे मी आयुष्यात वाचलेले पहिले शब्द. शाळेत जायला लागले तेव्हा वडिलांना विचारलं होतं, यात आईला का नाही बोलावलं? ते हसले नाहीत. पुढच्या पत्रकात "बंधू-भगिनींनो" छापून आलं. छापलेलं बदलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

अशा घरातली मुलगी अंबडच्या एका कारखान्यात एचआरला लागली, तेव्हा वडिलांच्या मित्रांनी आमचाच चहा पीत मला सोलून काढलं.

"आता तूच आम्हाला नोटिसा देणार का गं?"

"देईन," मी म्हणाले, "पण तुमच्या पत्रकांपेक्षा शुद्ध मराठीत."

आमच्याकडे गाड्यांची वायरिंग बनते. काम हातांचं, म्हणून माणसं ढिगाने लागतात, आणि दर आठवड्याला कुणी येतं, कुणी जातं. पूर्वी या सगळ्याचे कागद एका कारकुनाच्या टेबलावरून जायचे आणि त्याच्या मर्जीने जायचे. मग नवी यंत्रणा आली. तिचं तत्त्व सोपं: एक गोष्ट घडली की पुढची आपोआप घडते. गेटवर कार्ड टेकवलं की हजेरी लागते, बाळंतपणाची रजा मागितली की मंजुरी निघते, पाळी बदलली की बसच्या यादीत नाव सरकतं. खरं सांगते, मला ती आवडली. पोट पुढे आलेल्या बाईला कारकुनासमोर ताटकळत उभं राहावं लागत नाही, यात वाईट काय आहे? वडिलांशी यावरून मी भांडलेसुद्धा आहे.

पण तिच्यात एक नियम होता. सलग तीन पाळ्या कार्ड टेकलं नाही, की माणूस नोकरी सोडून गेला असं धरायचं. मग त्याला पत्र जातं, कार्ड बंद होतं, जागा रिकामी दिसते आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला मेसेज जातो. एवढं सगळं व्हायला चहाचा कप थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. मधे एकही माणूस नाही.

एका सोमवारी सकाळी गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला.

"मॅडम, या खाली. एका जागेवर दोन माणसं आल्यात."

खाली गेले. एक होता पेठकडचा कामगार. त्याची उमेदवारी संपत आली होती, त्याच आठवड्यात तो कायम होणार होता. पत्र गेलं म्हणजे नोकरी तुटली. परत घेतला तरी उमेदवारी पहिल्यापासून. त्याच्या शेजारी पाठीवर बॅग घेऊन एक मुलगी उभी होती, सटाण्याहून पहाटेच्या गाडीने आलेली.

"माले मेसेज उना शे, ताई," तिने मोबाइल पुढे केला. "आज ये म्हणे."

मेसेज आमचाच होता.

"तू होतास कुठे?" मी त्याला विचारलं.

"बोहाड्याला. मामांना सांगून गेलो व्हतो."

पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात उन्हाळ्यात गावोगाव बोहाडा असतो. देवादिकांचे मुखवटे चढवून, सांबळाच्या तालावर सोंगं नाचवतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं, हे ठरलेलं असतं. त्याच्या घराकडे वेताळ होता. वडिलांचे गुडघे गेले, म्हणून यंदा त्याच्यावर आला. तो गेला नसता तर गावात वेताळ निघालाच नसता.

मामा म्हणजे त्याच्या लाइनचे सुपरवायझर. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. त्यांना बोलावलं.

"सांगितलं होतं ना त्याने," मामा म्हणाले. "त्याच्या मेव्हण्याने याच्या पाळ्या काढल्या. दर वर्षी असंच चालतं. डोंगरातली पोरं आपसात बदली करतात, लाइन एक मिनिट थांबत नाही. यंत्राला का सांगू मी? यंत्र काय मला चहा पाजतं?"

मेव्हण्याच्या जादा पाळ्यांबद्दल यंत्रणेने त्याला वेगळा इशारा धाडला होता, हे मला मागाहून दिसलं. काम करणाऱ्याला इशारा आणि सांगून गेलेल्याला डच्चू.

वर जाऊन मी त्याचं नाव उघडलं. परत घेण्यासाठी कारण निवडावं लागतं. कारणं तीनच होती: आजारपण, घरात मृत्यू, तांत्रिक चूक.

मामा माझ्या खुर्चीमागे उभे होते. "सासरा वारला टाका. मोकळे व्हा."

आमच्यामागून वर आलेला तो दारातूनच ओरडला, "सासऱ्यानं सांबळ वाजवलाय माझ्यापुढं! देव अंगावर घेऊन आलोय मी, आन् पहिल्या दिवशी मेल्याची खबर देऊ? नाय जमायचं."

"मग ताप आला म्हण."

"ताप बी नाय आला. नाचलो मी."

आमचे साहेब आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "तांत्रिक चूक टाक आणि विषय संपव."

"चूक तांत्रिक नाही, साहेब. नियमाप्रमाणेच झालंय सगळं. नियमच चुकीचा आहे. तांत्रिक चूक टाकली की नियम तसाच राहील आणि पुढच्या आठवड्यात दुसरा कुणी उडेल."

"तू मोर्चात नाहीस, ऑफिसात आहेस."

"माहीत आहे. म्हणून बसून बोलतेय."

ते तणतणत केबिनमध्ये गेले. मी काहीच निवडलं नाही. प्रकरण उघडं ठेवलं. या यंत्रणेची एक खोड मला ठाऊक होती: एखादी गोष्ट निकाली निघाली नाही, तर ती वर आठवण धाडते, आणि तरीही निघाली नाही तर आणखी वर. साहेबांच्या फोनवर आठवणी वाजू लागल्या. काचेतून ते माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. वडिलांना पत्रकं वाटायला गेटवर उन्हात उभं राहावं लागे. माझं काम यंत्रणाच करत होती.

मी खाली गेले, तर तो आणि ती मुलगी सिक्युरिटीच्या बाकावर बसले होते. मुलीने डब्यातली कळण्याची भाकरी काढून अर्धी त्याच्यापुढे सरकवली होती. मी तिला समजावू लागले, तर तिने मधेच तोडलं, या वेळी शाळेतल्या मराठीत.

"ताई, याच्या जागेवर मी बसणार नाही. पण तुम्ही बोलावलंय, तर मी परतही जाणार नाही. काय ते तुम्ही बघा."

मला ती फार आवडली.

दुपारी कारखान्याच्या प्रमुखांचा फोन साहेबांच्या केबिनमध्ये आला. साहेबांनी मला आत बोलावलं आणि स्पीकर लावला. मी झालं ते सांगितलं.

"काम थांबलं होतं का?" प्रमुखांनी विचारलं.

"नाही सर. त्याने माणूस देऊन रजा घेतली होती."

"तुमचं म्हणणं काय?"

"पत्र मागे घ्या, नोकरीत खंड नको. या मुलीला आपण बोलावलंय, तिला जागा द्या. आणि यापुढे असं पत्र जाण्याआधी एका माणसाने फोन केलाच पाहिजे."

"पहिल्या दोन गोष्टी आजच करा. तिसरीचं बघू."

"बघू नका, सर. शनिवारी आणखी दोन गावांत बोहाडा आहे."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अगं, एवढ्या माणसांना फोन करणार कोण?"

"मी."

फोनवरून प्रमुख म्हणाले, "ठीक आहे. करा."

खंड पुसला गेला. तो कार्ड टेकवून आत गेला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, कारण मामा लाइनवरून ओरडत होते. मुलगी पॅकिंगला लागली. तो आठवडा संपायच्या आत तो कायम झाला.

आता पत्र जाण्याआधी यंत्रणा थांबते आणि नाव माझ्याकडे येतं. मी फोन लावते. कुणाचं मूल दवाखान्यात असतं, कुणी वणीला देवीला पायी निघालेलं असतं, कुणी खरोखर नोकरी सोडलेली असते आणि मला चार शिव्या देऊन फोन ठेवतं. शिव्या चालतात. निदान माणसाने माणसाला दिलेल्या असतात.

कारणांच्या यादीत मात्र अजून ती तीनच कारणं आहेत. चौथं घाला म्हणून मी साहेबांच्या मागे लागले आहे. परवा ते वैतागून म्हणाले, "आज बोहाडा घातला, तर उद्या प्रत्येक जण आपापल्या गावचा देव घेऊन येईल. सगळ्यांचे घालायचे का?"

मी म्हणाले, "हो. सगळ्यांचे."