धुऱ्यावर वाचलेलं पत्र

आमच्या वस्तीतल्या बायांमध्ये चौथी शिकलेली मी एकटीच. कोणाचंही पत्र आलं की ते माझ्याकडे यायचं. कापूस वेचताना दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भाकर खायला बसलो की मी ते मोठ्याने वाचायचे. पत्र एकीचं असलं तरी ऐकायच्या सगळ्याच.

म्हाताऱ्या माणसासमोर वाईट मजकूर वाचायचा नाही, अशी रीत होती. तो गाळायचा आणि घरच्या कर्त्याला नंतर सांगायचा. शेजारच्या म्हातारीची मुलगी अरबस्तानात घरकामाला गेली होती. म्हातारीच्या घरात दुसरं कोणीच नव्हतं.

एक दिवस तिचं पत्र आलं, म्हातारीही धुऱ्यावर ऐकायला आली. मुलीने लिहिलं होतं, मालकिणीने पासपोर्ट काढून घेतला आहे. दाराला बाहेरून कुलूप असतं. हातावर गरम इस्त्री ठेवली. हे पत्र भाजीवाल्याच्या हाती चोरून देते आहे. आपल्याकडच्या कोणालाही इकडे येऊ देऊ नका, सगळ्यांना सांगा.

मी वाचलं, काम बरं आहे, पोटभर जेवते, काळजी करू नको.

माझ्या जावेची मुलगी समोरच बसली होती. नवऱ्याने टाकलेली. ती म्हणाली, "मोठे माय, ते जेवणाचं पुन्हा वाच ना."

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या कोणी म्हातारीला खरं वाचून दाखवू नये म्हणून तिला नुसतं पाकीट दिलं आणि घरी येऊन कागद चुलीत घातला.

जावेच्या मुलीने अरबस्तानात बाया पाठवणाऱ्या दारव्ह्याच्या एजंटकडे कागदपत्रं दिल्याचं मला ती निघाली त्या दिवशी कळलं. जीप दारात उभी होती. मी पत्रातलं सगळं सांगितलं.

जाऊ म्हणाली, "तवा काहून नाही वाचलं? पोरीचं बरं होऊन राह्यलं त तुह्या पोटात दुखते."

"दाखव पत्र," मुलगी म्हणाली.

"जाळलं."

ती हसली. "मोठे माय, तुले कापूस वेचाले जोडीदारीण पाहिजे, दुसरं काही नाही." आणि जीपमध्ये बसली.

नंतर मी धुऱ्यावर सांगितलं, महागावच्या बाजारात सांगितलं. बाया ऐकून घेत. तरी त्या हंगामात आणखी दोघी गेल्या.

जावेच्या मुलीचं पत्र कधीच आलं नाही. एजंटने दुकान बंद केलं. जाऊ मात्र पोस्टमन दिसला की माझ्या दारात येऊन बसते आणि म्हणते, "आलं त समदं वाचजो, गाळू नको."